कोंबडीची पिले माणसाळविण्याची रीत

रानीखेत रोगाची लस बाटलीत कोरड्या भुकटीच्या स्वरूपात मिळते. ती द्रावकात मिसळली की बर्फावर ठेवूनही एकदोन तासांच्या आत संपवावी लागते. त्यानंतर तिची शक्ती राहत नाही. एका बाटलीत बहुधा शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांपुरती लस असते. उलटपक्षी भिवंडी तालुक्यात वज्रेश्वरीच्या किंवा पडघ्याच्या बाजूच्या एखाद्या पाड्यावर दर घरी पाच-दहा कोंबड्यांपेक्षा अधिक कोंबड्या क्वचितच असतात. म्हणजे एक बाटली सत्कारणी लागावयाची तर दहापंधरा घरांच्या कोंबड्या एकाच सकाळी हाती आल्या पाहिजेत. प्रत्यक्षात मात्र खुराडी उघडल्यावर कोंबड्या बांधावर, कुंपणात नि पेंढ्याच्या उडवीमागे पांगतात, मुले त्यांच्या पाठीस लागतात, दोनचार कोंबड्या धापा टाकीत सापडतात आणि उरलेली लस फेकून द्यावी लागते. रानीखेतीवर औषध नाही. रोग गावात शिरला म्हणजे लस न मिळालेली खुराडी दोनचार दिवसांत ओस पडतात आणि गृहिणीची अंड्याकोंबड्यांची वरकड मिळकत वर्षभरासाठी बुडते.

कोंबडी हाती न लागणे ही केवळ गैरसोय नव्हे, तो नुकसानीचा एक मार्ग आहे, हे यावरून ध्यानी यावे. पिसांतील उवा-गोचिडी, पायावरील खवल्यांचा रोग, चोच वा डोळ्यांतून येणारा स्राव, रिकामी किंवा फुगलेली पोटळी या गोष्टी कोंबडी हाती घेऊन पाहिल्याखेरीज वेळीच कळत नाहीत. बुजऱ्या कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात येण्याऐवजी झाडावर बसतात आणि रात्री रानमांजराच्या तोंडी जातात. शिवाय भेदरलेली पिले कोपऱ्यात एकावर एक चढतात आणि तळाची गुदमरून मरतात. पिलांना लहानपणीच माणसाच्या हाताची सवय लाविली तर यांपैकी बरेच नुकसान टळते. त्यासाठी पैसा लागत नाही. लागतो तो पहिल्या पंधरवड्यातील थोडासा वेळ, आणि तो पंधरवडा मात्र चुकविता कामा नये.

पिलू कशाला भिते?

पाळीव कोंबडीचे मूळ तांबड्या रानकोंबडीत आहे. सह्याद्रीच्या रानात आरवणारा राखी रानकोंबडा हा तिच्याच कुळातला. हजारो वर्षे माणसाच्या अंगणात वावरूनही कोंबडीने रानातील सावधपणा टाकलेला नाही. तिचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे मान न वळविता तिला जवळजवळ सर्व बाजूंचे दिसते. घार, शिक्रा, कावळा हे तिच्या पिलांचे शत्रू वरून येतात. यास्तव वरून खाली येणारी कोणतीही वस्तू पिलाला संकट वाटते. उभ्याने वाकून पाटीत हात घालणारा माणूस प्रेमाने हात घालीत असेल, परंतु पिलाच्या लेखी तो घारीचा पंजाच होय. पिले माणसाळत नाहीत अशी तक्रार करणाऱ्या बहुतेक घरी चूक येथेच असते.

दुसरी गोष्ट वयाची. इंग्लंडातील डग्लस स्पॉल्डिंग या निरीक्षकाने 1873 साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. अंड्यातून बाहेर पडताच त्याने काही पिलांच्या डोळ्यांवर टोप्या चढविल्या. ज्यांच्या टोप्या पहिल्या दोनतीन दिवसांत काढल्या ती पिले त्याच्या मागोमाग चालू लागली. ज्यांच्या टोप्या जवळजवळ चौथ्या दिवशी काढल्या ती त्याला पाहताच उलट दिशेने पळत सुटली. पिले तशीच, माणूसही तोच. फरक एकदोन दिवसांचा. पुढे कॉनराड लोरेंत्स या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने 1935 साली हंसजातीय पक्ष्यांच्या पिलांबाबत हाच विषय विस्ताराने मांडला. प्राण्यांच्या वर्तनाविषयीच्या एकंदर कार्याबद्दल त्याला 1973 मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. जन्मल्यावर प्रथम जे हलते-बोलते दिसेल त्याला आपले मानावयाचे आणि नंतर येणारे नवखे ते परके समजावयाचे, असा हा निसर्गाचा क्रम आहे. तिसऱ्या दिवसानंतर दार घट्ट बंद होते असे मात्र नव्हे. पुढील दोन आठवडे ते किलकिले असते. त्यानंतरही पिलू माणसाळते, परंतु श्रम दुपटीतिपटीने वाढतात.

स्कॉटलंडमध्ये एडिंबरोजवळील रॉस्लिन येथे आर. ब्रायन जोन्स यांनी याच विषयावर दीर्घकाळ काम केले. पिलांना रोज थोडा वेळ हाताळले तर त्यांची माणसाविषयीची भीती कमी होते, हे त्यांच्या 1993 च्या लेखात दाखविले आहे. त्यात आपल्या कामाची आणखी एक गोष्ट आहे: शेजारच्या पिलांना हाताळताना नुसते पाहणाऱ्या पिलांचीही भीती ओसरते. पन्नास पिलांच्या घोळक्यातील प्रत्येक पिलू रोज उचलणे कोणत्याही शेतकरी बाईस शक्य नाही. तसे करण्याची गरजही नाही, हे यावरून दिसते. एका माणसाच्या हाताळणीने आलेला धीटपणा इतर माणसांच्या बाबतीतही बऱ्याच अंशी टिकतो, असेही त्यांना आढळले. घरच्या बाईने सवय लाविली तर लस देणाऱ्याचा हात पिलांना अगदीच परका वाटत नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया येथे ग्रॉस व सीगल या संशोधकांना तर हाताळलेल्या पिलांची रोगप्रतिकारशक्तीही अधिक चांगली आढळली. वजनवाढीविषयी मात्र सर्व प्रयोगांचे निष्कर्ष सारखे आलेले नाहीत. पिले माणसाळविली म्हणजे ती लवकर भरतील, असे आश्वासन कोणास देऊ नये.

आधी ऊब, मग ओळख

थंडीने काकडणारे पिलू माणसाळविता येत नाही. पहिल्या आठवड्यात पिलांच्या उंचीवर सुमारे 35 अंश सेल्सिअस ऊब हवी. पुढे दर आठवड्याला ती अडीच-तीन अंशांनी उतरवीत न्यावी. उष्णतामापक नसल्यास पिलांकडेच पाहावे. दिव्याखाली गर्दी झाली तर ऊब कमी, सगळी कडेला सरकून चोची उघडून बसली तर अधिक, नि सर्वत्र सारखी पांगून टिपीत असली तर बेताची. भिवंडीकडे भातगिरणीचे तूस सहज मिळते; कोरडे तूस दोनतीन बोटे जाड पसरून त्यावर पहिले दोन दिवस कागद घालावा, म्हणजे पिले तूस गिळत नाहीत. कागद गुळगुळीत मात्र नसावा, त्यावर पाय घसरून पिले लंगडी होतात. पावसाळ्यात या भागात हवा इतकी दमट असते की तूस एकदोन दिवसांतच ओलसर होते, आणि ओल्या तुसातून रक्ती हगवण बळावते. भिजलेला भाग रोजच्या रोज काढून टाकावा.

ओळख करून देण्याचे काम दुसऱ्या दिवसापासून सुरू करावे. पाटी किंवा ब्रूडर जमिनीवर असल्यास माणसाने जमिनीवरच बसावे, शक्य तर ब्रूडरच्या एका बाजूचा पुठ्ठा खाली करावा, म्हणजे हात वरून न येता बाजूने आत जातो. तळहात उताणा करून तुसावर टेकवावा, त्यावर चिमूटभर बारीक कणी ठेवावी आणि हात मुळीच हलवू नये. पिले प्रथम दूर सरतील. दोनचार मिनिटांत एखादे धीट पिलू बोटास टोचून पाहील, मग कणी टिपेल. एकाने टिपली की बाकीची आपोआप येतात. या वेळी त्याला पकडण्याचा मोह आवरणे हाच या कामातील सर्वांत अवघड भाग होय. पहिले दोन दिवस हाताने काहीच करावयाचे नाही. तो दाणे असलेली एक निरुपद्रवी जागा आहे, एवढेच पिलांस पटले पाहिजे.

कोंबडी पिलांना खाणे दाखविताना जमिनीवर चोच मारून टुकटुक असा आवाज करते. माणसाने बोटाच्या टोकाने पत्र्याच्या झाकणावर तसेच टोचले तर पिले धावत येऊन बोटाच्या टोकाशी टिपू लागतात. नवीन पिलांना खावयास शिकविण्याची हीच सोपी रीत आहे. बरोबर एखादी ठरलेली साद घालावी. घरोघरी कोंबड्यांना बोलाविण्याचे निरनिराळे बोल असतात. कोणताही चालेल, मात्र घरातील सर्वांचा एकच असावा आणि दाणा दिल्यावाचून तो कधी उच्चारू नये. रिकामी साद दोनचारदा घातली की तिची किंमत गेली.

कणीखेरीज उकडलेल्या अंड्याचा कुस्करलेला बलक पिलांना फार आवडतो. वारुळे जवळ असतील तेथे लोक वाळवी आणून पिलांना घालतात. ही जुनी रीत उत्तमच आहे, कारण वाळवीने प्रथिने मिळतात आणि तीसाठी पिले हातावर अक्षरशः चढतात. हे खाणे मुख्य खाद्याच्या बदल्यात नव्हे, तर केवळ ओळखीपुरते द्यावे. कणीनेच पोट भरले तर पिले खुरटतात.

बसण्याचा वेळ थोडा पण नेमाचा हवा. दिवसातून दोनतीनदा, दर खेपेस पाच ते दहा मिनिटे पुरेत. रविवारी तासभर आणि मग आठवडाभर काहीच नाही, याचा उपयोग होत नाही. भिवंडीच्या परिसरात आता कित्येक घरांतील माणसे यंत्रमागावर किंवा गोदामांत कामास जातात. अशा घरी सकाळचे खाद्यपाणी आणि तिन्हीसांजेचे आवरणे या दोन वेळा तरी चुकवू नयेत. यंत्रमागाच्या खडखडाटाची काळजी कोणी करू नये. अखंड चालणाऱ्या आवाजास पिले लवकर सरावतात. ती दचकतात ती एकाएकी आपटलेल्या दाराने, अंगावरून झटकलेल्या घोंगडीने, नि पत्र्यावर पडलेल्या भांड्याने. ब्रूडरच्या खोलीत शिरण्यापूर्वी बाहेरूनच साद घालावी. मोठ्या शेडमध्ये ब्रॉयलर पाळणाऱ्यांनीही दारावर टकटक करून, सावकाश पावले टाकीत आत शिरण्याचा नेम ठेवावा. तेथे घोळका दबून मरण्याचा धोका अधिकच.

उचलण्याची पद्धत

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिले हातावर चढून खाऊ लागली म्हणजे एखाद्या पिलाच्या छातीखालून अलगद बोट फिरवावे. ते बिचकले नाही तर दुसरा हात बाजूने आणून दोन्ही तळहातांच्या ओंजळीत त्याला घ्यावे. पाय तळहातावर टेकलेले असावेत. लोंबकळणारे पाय पिलाला घाबरवितात. प्रथम जमिनीपासून चार बोटेच वर उचलावे, पाचदहा सेकंदांत पुन्हा तुसावर टेकवावे नि लगेच दाणा द्यावा. पिलू धडपडू लागले तर एकदम सोडू नये, कारण धडपडले की सुटका होते हा धडा ते तत्काळ शिकते. ओंजळ किंचित मिटून ते क्षणभर स्थिर झाले की मग खाली ठेवावे. उंचावरून टाकू नये.

मूठ आवळणे हा अपराधच समजावा. माणसाप्रमाणे पक्ष्याला छाती आणि पोट यांमधील श्वासपटल नसते. छातीचे हाड खालीवर हलते तेव्हाच त्याचा श्वास चालतो. छाती आवळलेले पिलू नाक मोकळे असूनही गुदमरते. लहान मुलांच्या हातून पिले मरतात ती बहुधा अशीच, मायेने घट्ट धरल्यामुळे. मुलांना जमिनीवर बसवून त्यांच्या मांडीवर पिलू द्यावे, मुठीत देऊ नये. मोठ्या कोंबडीला दोन्ही पंख अंगाशी दाबून उचलावे, छाती पंजावर पेलावी आणि पाय बोटांत धरावेत. एका पंखास किंवा दोन पायांस धरून उलटी लोंबकळत नेण्याची बाजारातील पद्धत परसात आणू नये. महिन्याभराच्या मेहनतीवर अशा एका वेळेने पाणी पडते.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. पिलाला उताणे करून थोडा वेळ दाबून धरले की ते निपचित पडून राहते. मुले याला कोंबडी झोपविणे म्हणतात आणि मोठी माणसेही कौतुक करतात. ही झोप नव्हे, शांतपणाही नव्हे. शत्रूच्या तावडीत सापडल्यावर मेल्याचे सोंग घेण्याची ती अवस्था होय. आथानाझियस किर्खर या विद्वानाने 1646 साली हा चमत्कार म्हणून नोंदविला. आज शास्त्रज्ञ तो भीती मोजण्यासाठी वापरतात. जे पिलू अधिक वेळ निपचित राहते ते अधिक भित्रे. खरोखर निर्धास्त झालेले पिलू हातात असताना मान हलविते, बारीक किलबिल करते, पिसे साफ करते किंवा उबेने डोळे मिटून पंजावर बसकण मारते. उंच स्वरात सारखे चिवचिवणारे पिलू मात्र सोडून द्यावे.

खुडुक कोंबडीखालची पिले

गावातील बहुतेक पिले आजही देशी कोंबडीच्या पंखाखाली वाढतात, आणि तेथे वरील रीत जशीच्या तशी लागू पडत नाही. पिलांचे पहिले आपले माणूस म्हणजे त्यांची आई. आकाशातील शत्रू दिसला तर ती एक स्वर काढते, जमिनीवरचा दिसला तर दुसराच. पिले त्याप्रमाणे दबतात वा पळतात. माणूस दिसताच जी कोंबडी ओरडते तिची पिलेही माणसास शत्रू समजून मोठी होतात. म्हणून अशा घरी आधी आई माणसाळवावी लागते. अंड्यांवर बसविण्यासाठी कोंबडी निवडताना अंगाने मोठी आणि उबेला चांगली एवढेच न पाहता, खुराड्यात हात घातल्यावर चवताळून न उठणारी कोंबडी निवडावी. उबवणीचे 21 दिवस ही उत्तम संधी असते. ती रोज एकदाच दाण्यापाण्यास उठते. त्या वेळी तिला हातावरच दाणे द्यावेत, आणि पिले निघाल्यावर तिला डालग्याखाली ठेवून डालग्याच्या कडेशी दाणे टाकावेत. आई निवांत टिपू लागली की पिले तिच्यामागून येतात.

हॅचरीतून एक दिवसाची म्हणून आणलेली पिले प्रवासाने थकलेली असतात. त्यांना पहिला दिवस ऊब, पाणी आणि विसावा एवढेच द्यावे. सरकारी योजनांतून किंवा संगोपन केंद्रांतून मिळणारी गिरीराज, वनराज अशा जातींची पिले बहुधा तीनचार आठवड्यांची असतात. ती शेकडोंच्या घोळक्यात वाढलेली असल्याने माणसास बुजतात, आणि गृहिणीस वाटते की जातच रानटी. वास्तविक जातीचाही काही भाग असतो. पांढरी लेगहॉर्न स्वभावाने उतावळी, ऱ्होड आयलंड रेड व ऑस्ट्रालॉर्प त्या मानाने शांत. परंतु वयाचा भाग मोठा. अशा पिलांना पहिले आठ-दहा दिवस परसात मोकळे न सोडता लहान जागेत ठेवावे, खाद्य नेहमी माणूस जवळ बसलेला असताना द्यावे आणि उचलण्याचा प्रयत्न अंधार पडल्यावर करावा. अंधारात कोंबडीला फारसे दिसत नाही, म्हणून ती झटापट करीत नाही. शहरांच्या बाजारांत मुलांसाठी विकली जाणारी लाल-हिरवी रंगविलेली पिले मात्र शक्यतो घेऊच नयेत. ती बहुधा अंड्यांच्या जातीची टाकाऊ नर पिले असतात आणि उबेवाचून दिवस काढल्यामुळे त्यांतील बरीचशी घरी येईपर्यंतच खचलेली असतात.

नर पिलांविषयी एक सावधगिरी सांगावयास हवी. कोंबडा माणसाळवावा, पण लाडावू नये. कडेवर घेऊन फिरविलेला नर वयात आला की माणसास आपल्यासारखाच एक कोंबडा समजतो आणि लहान मुलांवर आरा घेऊन धावतो. त्यास हातावर दाणा खाण्याइतकी व पकडू देण्याइतकी सवय पुरे.

लस देण्याच्या वेळा आणि ही सवय यांची सांगड सहज बसते. लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत पाचव्या ते सातव्या दिवशी पडतो. तोवर पिले ओंजळीत यावयास शिकलेली असतात. आर-टू-बी ही लस सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास पंखाखाली टोचली जाते. देवीची लसही साधारण त्याच वयात देतात. मधले अंतर व क्रम पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने ठरवावा. या लसी पुण्यातील औंध येथील पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत तयार होतात. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आणि पशुसखींनी लसीचा दिवस ठरविताना आदल्या संध्याकाळी घरोघरी निरोप द्यावा, की सकाळी खुराडी उघडू नयेत. ज्या घरी संध्याकाळच्या सादेला कोंबड्या आत येतात तेथे हा निरोप पाळला जातो, इतरत्र अर्धी पाखरे झाडावरच असतात. सादेला आत येण्याची सवय सहाव्या आठवड्यापासून लावावी: सूर्य मावळण्यापूर्वी साद, खुराड्यातच मूठभर कणी, लगेच मोजणी आणि दार बंद.

हाताळणी वाढली की स्वच्छतेची जबाबदारीही वाढते. निरोगी दिसणाऱ्या पिलांच्या विष्ठेतही साल्मोनेला जंतू असू शकतात. पिलांना तोंडाशी धरू नये, झोपण्याच्या किंवा स्वयंपाकाच्या जागी ठेवू नये आणि प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत. पाच वर्षांखालील मुलांच्या बाबतीत हे विशेष कटाक्षाने पाळावे. फेब्रुवारी 2022 मध्ये भिवंडीस लागून असलेल्या शहापूर तालुक्यात वेहळोली येथे बर्ड फ्लू आढळला आणि एक किलोमीटर परिघातील कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. एकाएकी अनेक कोंबड्या मेल्या, तुरे निळसर पडले किंवा डोकी सुजली, तर हाताळणी त्याच क्षणी थांबवावी, मेलेल्या पक्ष्यास उघड्या हाताने स्पर्श करू नये, उरलेले पक्षी बाजारात विकावयास नेऊ नयेत आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास त्याच दिवशी कळवावे.